गिळलेलं बोलायला लावणारी डॉक्टर

गेल्या श्रावणातली गोष्ट. आमच्या बचत गटाची महिन्याची बैठक महाडला माझ्याच घरी होती. हिशेबाची वही मिटली, चहा झाला, एकेक जण उठून गेली. पण पोलादपूरकडून आलेली एक जण काही उठेना. पदराच्या टोकाशी चाळा करत बसून राहिली. मी ओळखलं, हिला काहीतरी सांगायचंय.

तिची मुलगी सतरा वर्षांची, अकरावीतली. वर्षभरापूर्वीपर्यंत व्यवस्थित जेवणारी पोर. आधी तिनं भात सोडला, मग भाकरी. सोमवार धरला, मग गुरुवार, मग शनिवार. घरात सगळ्यांना कौतुक, पोरगी देवाधर्माची निघाली म्हणून. नंतर कळलं की उपवासाची खिचडीसुद्धा गोठ्यामागे टाकलेली असायची. कधी घरात कुणी नसलं की डब्यातले लाडू एका बैठकीत संपवायची आणि मोरीत जाऊन घशात बोटं घालायची. वजन उतरलं, पाळी थांबली, उभ्या उभ्या चक्कर यायला लागली. नजर काढून झाली, अंगारा लावून झाला, टॉनिकच्या बाटल्या झाल्या. शेवटी मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात नेलं, तेव्हा कुठे या दुखण्याला नाव मिळालं.

तिथे तपासण्या झाल्या, औषधं सुरू झाली, काय आणि किती खायचं याचा तक्ता मिळाला. हे सगळं आईला पटलं. पण आणखी एक गोष्ट सांगितली होती आणि ती काही तिच्या गळी उतरत नव्हती. आठवड्यातून एकदा त्याच दुखण्याच्या पाच-सहा मुलींबरोबर गोल करून बसायचं आणि आपल्याला काय वाटतंय ते बोलायचं. आईचा प्रश्न सरळ होता. बोलून का कुणी जेवायला लागतं? आणि घरातलं चारचौघींत का म्हणून सांगायचं?

त्या संध्याकाळी मी तिला एका बाईची गोष्ट सांगितली. ती एस.टी. चुकवून बसली आणि मुक्कामालाच राहिली. तीच गोष्ट आज तुम्हाला सांगते. या बाईंनी न जेवणाऱ्या मुलींसाठी संस्था काढली नव्हती. त्यांचे रुग्ण होते गर्दुल्ले आणि दारुडे. पण गोल करून बसायचं, मनात काय चाललंय ते ओळखायचं आणि चारचौघांत बोलायचं, हाही उपचार असतो हे आपल्या महाराष्ट्रातल्या साध्यासुध्या घरांपर्यंत ज्यांनी पोचवलं, त्यांत त्यांचं नाव फार वर आहे. डॉ. अनिता अवचट.

घरात आणि मित्रमंडळींत त्यांचं नाव सुनंदा. पुण्यात डॉक्टरकीचं शिक्षण घेताना अनिल अवचट यांची ओळख झाली आणि पुढे लग्न झालं. दोघेही डॉक्टर. आता आपल्याकडे अशा जोडप्याचं चित्र ठरलेलं असतं. खाली दवाखाना, वर बंगला, दाराशी गाडी. यांच्या घरी तसं काहीच झालं नाही. अनिल अवचटांचा जीव डॉक्टरकीत रमेना. त्यांना माणसांमध्ये फिरायचं होतं, हमाल, विडी कामगार, देवदासी यांच्या हालअपेष्टा पाहून लिहायचं होतं. अशा लिखाणावर घर चालत नाही. मग घर चालवलं सुनंदाताईंच्या पगारानं. नवरा लिहिणार आणि बायको नोकरी करणार, हे त्यांनी आपसात ठरवलं. मुक्ता आणि यशोदा या दोन मुलींना त्यांनी पालिकेच्या मराठी शाळेत घातलं. ऐपत असून साधं राहायचं, हा त्या घराचा शिरस्ता.

नोकरी कुठली, तर येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ म्हणून. मैत्रिणींनो, येरवडा म्हटलं की आपल्याकडे आजही लोक हसतात. तुझी रवानगी येरवड्याला करायला हवी, असं आपण थट्टेत किती सहज म्हणून जातो! एका बाईनं वर्षानुवर्षं तिथे जायचं, नातेवाइकांनी सोडून दिलेल्या माणसांशी रोज बोलायचं, त्यांच्या नजरेला नजर द्यायची, ही थट्टा नव्हती. ज्या माणसाचं कुणी ऐकत नाही, त्याचं ऐकून घ्यायची सवय त्यांना तिथे लागली असावी, असं मला वाटतं.

मग आली १९८५-८६ ची साल. मुंबई-पुण्यात गर्द नावाचं नवं विष आलं होतं. तपकिरी पूड, चंदेरी कागदावर ठेवून खालून काडी पेटवायची आणि धूर ओढायचा. कॉलेजातली, चांगल्या घरांतली पोरं बघता बघता त्यात सापडली. आईच्या मंगळसूत्रापासून स्वयंपाकघरातल्या भांड्यांपर्यंत जे हाताला लागेल ते विकायची. अवचटांच्या ओळखीतल्याच एका घरातला मुलगा असा अडकला आणि हा विषय त्यांच्या दारात आला. अनिल अवचटांनी गर्दवर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई बेचैन झाले. नुसतं हळहळून ते थांबले नाहीत, एक लाख रुपये द्यायला पुढे आले. त्या काळी एक लाख म्हणजे केवढी रक्कम! या मुलांसाठी काहीतरी उभं करा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

उभं करायचं कुणी? लेख लिहिणं वेगळं आणि खोटं बोलणाऱ्या, चोऱ्या करणाऱ्या, अंगात कळा येऊन तळमळणाऱ्या मुलांना रोज सांभाळणं वेगळं. ते काम सुनंदाताईंनी अंगावर घेतलं. मनोरुग्णालयाच्याच आवारातल्या एका इमारतीत २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. पुढे त्याला येरवड्यातच स्वतःची वास्तू मिळाली.

तेव्हा व्यसनी माणसाकडे पाहायच्या दोनच रीती आपल्याला ठाऊक होत्या. एक म्हणजे त्याला कोंडून घालायचं नि बदडायचं. दुसरी म्हणजे त्याला देवाची शपथ घालायची, गळ्यात माळ घालायची. माळ घालून सुटलेली माणसं आपल्या भागात आहेत, मी ते नाकारत नाही. पण ज्याची सुटत नाही तो मग नालायकच, असा आपला हिशेब. सुनंदाताईंचं म्हणणं वेगळं होतं. व्यसन हा आजार आहे. आजारी माणसाला कुणी मारत नाही, कुणी त्याची लाज काढत नाही. त्याच्यावर उपचार करायचे आणि त्याच्यावर माया करायची. मुक्तांगणात त्यांनी मारहाणीला जागा ठेवली नाही.

सुरुवातीचे काही दिवस औषधांचे. गर्द बंद केला की अंग मोडून येतं, झोप लागत नाही, उलट्या होतात. याला तिथले लोक टर्की म्हणतात. ती सरली की खरं काम सुरू होतं, कारण अंगातून विष गेलं तरी मनातून ओढ जात नाही. पस्तीस दिवसांच्या त्या मुक्कामात पहाटे उठणं, व्यायाम, झाडलोट, गाणी असं सगळं असतं. पण या दिनक्रमाचा कणा म्हणजे गोल करून बसणं.

कल्पना करा. दहा-बारा पुरुष सतरंजीवर बसले आहेत. त्यात एखादा इंजिनियर असेल, एखादा रिक्षावाला, एखादा गावचा पाटील. मधोमध कुणी व्याख्यान देत नाही. प्रत्येकानं आपल्याबद्दल बोलायचं. काय केलं ते सांगायचंच, पण तेव्हा मनात काय होतं तेही सांगायचं. मैत्रिणींनो, हे फार अवघड असतं. पुरुषाला तर विचारूच नका. राग आला एवढं एक त्याला सांगता येतं. पण रागाच्या खाली काय होतं? बापानं चारचौघांत केलेला अपमान होता, धाकट्या भावाला नोकरी लागली त्याची जळजळ होती, की रात्री एकट्यानं झोपायची भीती होती? ते त्याचं त्यालाच ठाऊक नसतं. पोटात काहीतरी डचमळतं, नको होतं आणि हात बाटलीकडे जातो. गोलातला दुसरा कुणीतरी तसंच काहीतरी सांगतो आणि याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडतो, अरे, हे तर माझंच!

ही पद्धत मूळची अमेरिकेतली. १९३५ साली ॲक्रन नावाच्या गावात एक शेअर दलाल आणि एक डॉक्टर, दोघेही दारुडे, एकमेकांशी बोलत बसले. बोलत राहिलं की प्यावंसं वाटणं मागे पडतं, हे त्यांना अनुभवानं कळलं आणि त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची चळवळ उभी राहिली. १९५१ साली दारुड्यांच्या घरच्या माणसांसाठी त्याच धर्तीवर वेगळे गट निघाले. आणि १९६० साली लॉस एंजेलिसमध्ये खाण्यावर ताबा न राहणाऱ्यांसाठीही असाच गट सुरू झाला. बघा, दारूच्या गोलातून खाण्याचा गोल निघाला तो असा. या मंडळींत एक साधा नियम शिकवतात. ओढ लागली की आधी स्वतःला चार प्रश्न विचारायचे. मी भुकेला आहे का? रागावलोय का? एकटा पडलोय का? थकलोय का? चारांतल्या एकाचं तरी उत्तर हो असं येतं. मग उपाय दारूत शोधायचा की जेवणात, झोपेत, माणसांत, हे ठरवता येतं.

सुनंदाताईंनी हे परदेशातलं रोपटं इथल्या मातीत लावलं. मुक्तांगणातून बरे होऊन गेलेले काही जण तिथेच कार्यकर्ते झाले. जो स्वतः त्या चिखलातून गेलाय त्याच्यापाशी खोटं चालत नाही, आणि त्याच्याकडे बघून नव्याला उमेद येते. डॉक्टरनं सगळी सूत्रं आपल्या हातात न ठेवता पेशंटांच्याच हातात द्यायची, याला मोठं मन लागतं. तिथे त्यांना सगळे मॅडम म्हणत. पण अनिल अवचटांचं मुक्तांगणची गोष्ट हे पुस्तक वाचताना मला त्या साहेबीणबाईसारख्या कधीच वाटल्या नाहीत. चुकलेल्या लेकराला पोटाशी धरणारी, पण त्याची लबाडी चालू न देणारी एखादी खमकी मावशी असावी, तशा वाटल्या.

मला विशेष वाटतं ते त्यांच्या बायकांबद्दलच्या समजुतीचं. दारुड्याच्या घरात एकच जण पितो, पण आजारी सगळं घर पडतं. मुक्तांगणात पेशंटांच्या बायकांचाही गट आहे. त्याचं नाव सहचरी. तिथे बायका एकमेकींशी बोलतात. नवऱ्याला कसं सुधारायचं एवढाच विषय नसतो, माझं काय झालंय हेही बोलायचं असतं. आपल्या एम.आय.डी.सी.च्या बाजूच्या वाड्यांवर मी वीस वर्षं जातेय. नवरा पिऊन आला की बाई काय करते? मुलांना वाढते, त्याच्यापुढे ताट ठेवते, ते ताट तो भिरकावतो, मग ती सांडलेलं भरते आणि स्वतः पाणी पिऊन झोपते. तिला विचारलं, का गं जेवली नाहीस, तर उत्तर ठरलेलं असतं, भूकच नव्हती. भूक नव्हती कशी? दिवसभर लावणी करून आलेल्या बाईला भूक नसते होय? भूक होती, पण राग, भीती आणि अपमान यांनी पोट आधीच भरलं होतं.

आपली मराठी किती शहाणी आहे बघा. आपण राग गिळतो. अपमान गिळतो. आवंढा गिळतो. सासूची बोलणी खातो, नवऱ्याचा मार खातो. दुःख पोटात ठेवतो. काळजीनं पोटात गोळा येतो, वाईट बातमी ऐकली की घास घशाखाली उतरत नाही. रुसलो की ताटावरून उठतो. मन आणि पोट यांचं नातं आपल्या आज्यांना पक्कं ठाऊक होतं, शब्द त्यांनीच तर दिले. फक्त गिळलेलं बाहेर कसं काढायचं, ते बायकांना कुणी शिकवलं नाही. कांडताना-दळताना ओव्यांतून थोडं बाहेर पडायचं. जातं गेलं, आणि तीही वाट बंद झाली.

न जेवण्याचा आणि अति जेवण्याचा आजार याच गाठीपाशी येऊन अडकतो, हे जगाला समजावून सांगणारी एक डॉक्टरीण होऊन गेली. हिल्ड ब्रुख तिचं नाव. जन्म १९०४ चा, जर्मनीतला. ज्यू असल्यामुळे १९३३ साली हिटलरच्या अमलात देश सोडावा लागला, पुढे ती अमेरिकेत स्थिरावली. आधी लठ्ठ मुलं, नंतर हाडांचा सापळा झालेल्या मुली असे रुग्ण तिनं अनेक वर्षं तपासले आणि १९७३ साली या आजारांवर मोठं पुस्तक लिहिलं. तिच्या ध्यानात आलं की या मुलींना आपल्या आतलं ओळखताच येत नाही. भूक लागली, भीती वाटली, एकटं वाटलं, राग आला, सगळ्याचा नुसता एक गोळा झालेला असतो. मग त्या ज्याच्यावर ताबा चालतो त्याच्यावर तो चालवतात, म्हणजे स्वतःच्या ताटावर. ब्रुख यांनी आयांच्या वागण्याला फार दोष दिला होता. ते मात्र आजचे डॉक्टर मानत नाहीत. या आजारात जन्मतः मिळालेला स्वभाव आणि अनुवंशही असतो, बारीक दिसण्याचा सोस तर चहूकडून असतोच. आईला आरोपी करून काही साधत नाही. उलट वाढत्या वयाच्या मुलीच्या उपचारात आईबाप हेच डॉक्टरांचे मोठे सोबती असतात. पोलादपूरच्या त्या आईला मी हे दोनदा सांगितलं, तेव्हा तिच्या डोळ्यांना धार लागली. वर्षभर ती स्वतःलाच दोष देत होती.

मग त्या मुलींच्या गोलात नेमकं चालतं काय? मी वाचून आणि या मायलेकींकडून ऐकून जे समजून घेतलं ते असं. बसल्यावर प्रत्येकीनं आज कसं वाटतंय ते सांगायचं. ठीक, बरं, काही नाही हे शब्द तिथे चालत नाहीत. हुरहूर आहे, घालमेल आहे, चरफड आहे, लाज आहे, हेवा आहे, असा नेमका शब्द शोधायचा. ते अंगात कुठे जाणवतं, छातीत की पोटात, तेही सांगायचं. मग आठवायचं, काल जेवण टाकलं किंवा उलटी काढली, त्याच्या आधी काय घडलं होतं? कुणी काय बोललं होतं? एक बोलते तेव्हा दुसरीनं सल्ला द्यायचा नाही, फक्त ऐकायचं. वजनाचे आकडे मात्र तिथे काढायचे नाहीत, कारण मुली लगेच एकमेकींशी तुलना करायला लागतात. एका मुलीला आपला राग कळत नसतो, पण शेजारणीचा लगेच कळतो. दुसरीला ओळखता ओळखता ती स्वतःला ओळखायला लागते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे लाज उतरते. मोरीचं दार लावून आपण एकटीच हे करतो असं जिला वाटत होतं, तिला कळतं की आपण एकटी नाही. इंग्लंडच्या राणीच्या सुनेला, डायानालाही हेच दुखणं होतं. १९९५ साली तिनं ते दूरदर्शनवरच्या मुलाखतीत जगासमोर सांगितलं. राजवाड्यातही मोरी असते आणि तिला दार असतं.

हे बोलणं औषधाच्या किंवा जेवणाच्या जागी येत नाही, हेही सांगते. अंगात ताकदच नसेल तर मनाचं काम होत नाही. वजन झपाट्यानं उतरलं, पाळी बंद झाली, चक्कर आली, वारंवार उलट्या काढल्या जात असतील तर आधी डॉक्टर. मनाच्या आजारांत न जेवण्याचा आजार जिवावर बेतणाऱ्यांपैकी आहे. मुक्तांगणातसुद्धा आधी औषध आणि मग गोल, असाच क्रम होता.

आता तुम्ही म्हणाल, चारचौघींत बोलून खरंच काही होतं का? मला याचा एक अनुभव आपल्या मातीतच आला. २२ जुलै २०२१ चा तो महापूर. सावित्री आणि गांधारी गावात शिरल्या. त्याच दिवशी तळियेवर डोंगर कोसळला आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. पोलादपूरच्या बाजूलाही दरडींनी माणसं गिळली. पुढचे कितीतरी दिवस आम्ही जेवणाची पाकिटं वाटत होतो. पाकिटं येत होती ढीगभर, पण काही बायका ती नुसती मांडीवर घेऊन बसायच्या. आम्ही आग्रह करायचो, खा गं, अंगात बळ हवं. त्या मान हलवायच्या आणि पाकीट तसंच राहायचं. एक दिवस दमून मीही त्यांच्यात खाली बसले आणि माझ्या घरात पाणी शिरलं त्या रात्री मी किती घाबरले होते, ते सांगायला लागले. ठरवून नव्हे, माझंच मन भरून आलं होतं. मग शेजारची बोलली, मग तिच्या पलीकडची. कुणाची म्हैस गेली होती, कुणाच्या लेकीच्या लग्नाचा बस्ता गेला होता, कुणाचं माणूसच गेलं होतं. रडून झालं. थोड्या वेळानं त्यातल्या एकीनं पाकीट सोडलं आणि शेजारणीला पोळीचा तुकडा मोडून दिला. त्या दिवशी मला सुनंदाताईंचा गोल समजला. पुस्तकात वाचला होता, पण समजला तेव्हा.

सुनंदाताईंना आयुष्य थोडं मिळालं. मुक्तांगण रुजत असतानाच कर्करोगानं त्यांना गाठलं. उपचार चालू होते आणि कामही चालू होतं. दुसऱ्यांना सत्य बोलायला शिकवणाऱ्या या बाईनं स्वतःच्या आजाराकडेही पाठ फिरवली नाही. १० फेब्रुवारी १९९७ रोजी त्या गेल्या. मुक्तांगणाला जेमतेम साडेदहा वर्षं झाली होती. मूळ माणूस गेलं की संस्था आटतात, असं आपण नेहमी पाहतो. इथे तसं झालं नाही. थोरल्या मुक्तानं मानसशास्त्र शिकून मुक्तांगणाची धुरा घेतली. व्यसनात अडकलेल्या बायकांसाठी तिथे निशिगंध नावाचा स्वतंत्र विभाग निघाला, कारण बाईलाही व्यसन लागतं आणि तिची लाज तर दुप्पट असते. धाकट्या यशोदानं अपस्मार, म्हणजे फिट येणाऱ्यांसाठी आधारगट सुरू केला. आई गेली, पण गोल दोन्ही लेकींनी पुढे नेला. अनिल अवचटही २०२२ च्या जानेवारीत गेले. दर वर्षी १० फेब्रुवारीला सुनंदाताईंच्या नावानं संघर्ष सन्मान दिला जातो. अडचणींशी झगडून काम करणाऱ्या माणसांचा सत्कार त्या दिवशी होतो.

आणि ती पोलादपूरची पोर? एकदम खडखडीत बरी झाली असं सांगितलं तर ते खोटं होईल. मधे दोनदा पुन्हा बिनसलं. हा आजार असाच हळूहळू मागे हटतो, वर्षही लागतं, अधिकही लागतं. पण आई दर आठवड्याला पहाटेची एस.टी. पकडून तिला मुंबईला नेत राहिली. परवा भेटली तेव्हा आईनं एक गोष्ट सांगितली. जेवायला बसल्यावर पोर ताटाकडे बघत थांबली. नेहमीसारखी उठून गेली नाही. म्हणाली की आजीनं पाहुण्यांसमोर माझ्या अंगाबद्दल बोललेलं मला लागलंय, मला राग आलाय आणि भूकही लागली आहे. घरात शांतता पसरली. आजी काही बोलल्या नाहीत, पण उठून त्यांनी नातीच्या ताटात गरम भाकरी वाढली. पोरीनं अर्धी खाल्ली. राग वेगळा आणि भूक वेगळी, हे तिला कळलं होतं. आई म्हणाली, ताई, त्या अर्ध्या भाकरीसाठी मी वर्षभर नवस बोलत होते.

मैत्रिणींनो, तुमच्या ओळखीत अशी कुणी असेल तर तिच्या बारीक होण्याचं कौतुक करू नका आणि तिला हिणवूही नका. जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. कुणाशी बोलावं कळत नसेल तर १४४१६ या टेलिमानसच्या सरकारी क्रमांकावर फोन करा. तो विनामूल्य आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं.

आमच्या बचत गटात आता आम्ही एक नवीन रीत घातली आहे. हिशेबाची वही मिटली की लगेच उठायचं नाही. अर्धा तास बसायचं. प्रत्येकीनं या महिन्यात काय गिळलं ते, वाटलं तर, सांगायचं. ऐकलेलं उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही, ही एकच अट. पहिल्या दिवशी सगळ्या हसल्या, पदर तोंडाला लावून बसल्या. दुसऱ्या महिन्यात एक बोलली. गेल्या महिन्यात शेवटची एस.टी. चुकली, आणि पोलादपूरच्या चौघी माझ्याकडे मुक्कामाला राहिल्या. रात्री कुळथाची पिठी आणि भात केला होता. पातेल्यात सकाळसाठी काही उरलं नाही.